दवाखान्याच्या भिंतीवरच्या तीन काचा

रिकामी इमारत बघितली की माझं डोकं फिरतं. घरात एखादा डबा रिकामा झाला तर आपण त्यात काहीतरी भरून ठेवतोच, दुसरं काही नाही तर निदान माती भरून कोथिंबीर तरी लावतो. आणि इथं चार दगडी भिंती, वर पत्रा, पुढं ओसरी, दारात लिंबाचं झाड, एवढं सगळं आठ-दहा वर्षं कुलूप घालून ठेवलेलं. जाणाराला काही वाटत नाही, येणाराला काही वाटत नाही. मलाच तेवढं वाटतं, आणि वाटतं म्हणून लोक मला म्हणतात, म्हातारीला दुसरा उद्योग नाही.

आमचं गाव उदगीरपासून बसनं अर्ध्या-पाऊण तासावर. आठवडी बाजाराचं गाव. बाजाराच्या कडेला जनावरांचा जुना दवाखाना आहे, त्याच इमारतीचं सांगते. दवाखाना रस्त्याच्या पलीकडं नव्या इमारतीत गेला, फरशा-बिरशा लावून. जुना तसाच राहिला. त्याच्या अंगणात लोखंडी पाइपांचा खोडा आहे. म्हैस नाहीतर बैल आत उभा करून सुई देता यावी म्हणून सिमेंटच्या ओट्यात रोवलेले चार खांब आणि आडवे पाइप. दवाखाना हलला हे जनावरांना कळलं असेल, माणसांना अजून कळलेलं नाही. बाजाराच्या दिवशी कुणीतरी शेळी घेऊन येतं, खोड्याला बांधतं आणि कुलपाकडं बघत बसतं.

तर ही इमारत मला पाहिजे होती. माझ्यासाठी नाही, आपासाठी.

आपा म्हणजे पिंजाऱ्याच्या घरची. मी तिला आपा म्हणते, ती मला अक्का, आणि दोघींत मोठी कोण याचा निकाल अजून लागलेला नाही. तिचे मालक गेल्यावर कापूस पिंजायचं यंत्र तिनंच चालवलं. हे यंत्र त्यांनी नांदेडहून ट्रकवर घालून आणलं होतं, ती गोष्ट आपा अजून वरात आणल्यासारखी सांगते. गादी जुनी झाली की आतला कापूस बसतो, गाठी होतात, पाठ दुखायला लागते. लोक ती गादी आपाकडं आणतात. आपा खोळ उसवते, गठ्ठा यंत्रात घालते, आणि इकडून ओंजळभर घातलेला कापूस तिकडून टोपलीभर होऊन निघतो. मग खोळ शिवायची आणि वरून टाके घालायचे हे माझं काम. लग्नात आईनं दिलेल्या गादीचा कापूस नातवाच्या रजईत जातो. आमच्याकडं कापूस मरत नाही, फक्त दमतो. आम्ही तीस-पस्तीस वर्षं हेच करत आलो.

यंत्र होतं भाड्याच्या खोलीत. खोलीच्या मालकानं सांगितलं, दसऱ्यापर्यंत उचला, मला पाडून गाळे काढायचेत. आता गावात आधीचेच गाळे शटर ओढून पडलेत. त्या शटरांवर पोरांनी कोळशानं क्रिकेटच्या विकेटा काढल्यात. तरी ह्याला आणखी गाळे पाहिजेत. घरात यंत्र ठेवावं तर कापसाचा बारीक धुरळा उडतो आणि आपाच्या नातीला दमा. भंगारवाला दोनदा येऊन यंत्राभोवती फिरून गेला होता, बाजारात म्हैस बघावी तसा. दसऱ्यापर्यंत जागा मिळाली नाही तर यंत्र त्याच्या गाड्यावर जाणार, हे आपानं मला तोंडानं सांगितलं नाही, पण त्याच्यासाठी तिनं चहा केला तेव्हाच मी काय ते समजले.

खोली सोडायला सांगितलं त्याच उन्हाळ्यात लातूरला एक कार्यशाळा झाली होती. बचत गटाच्या बायांना गाडी करून नेलं होतं. एक शिकलेली बाई पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होती, चक्राकार अर्थव्यवस्था. म्हणजे वस्तू फेकायची नाही, फिरवत राहायची. इमारतसुद्धा. पाडायच्या आधी तिला विचारा म्हणाली, बाई गं, तुला दुसरं काय होता येईल? बोलणं मला पटलं, खोटं कशाला सांगू. फक्त ते ऐकताना प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची बाटली होती आणि संपल्यावर सगळ्या बाटल्या खुर्च्यांखाली राहिल्या, त्यानं माझा जीव कासावीस झाला. बाटल्या मला एकटीला नेता येईनात. मागं लावलेला कापडी फलक मात्र मी मागून घेतला. चांगला दहा फूट, पाण्याला न भिणारा, त्यावर मोठ्या अक्षरात, "फेकू नका, फिरवा". ते टाकूनच देणार होते.

परतीच्या गाडीत मी म्हणाले, "आपा, जनावराचा दवाखाना."

आपा म्हणाली, "बीमार हाय मी अक्का, पन इतकी न्हाई."

तिला सगळं समजावून सांगेपर्यंत गाव आलं. उतरताना ती एवढंच म्हणाली, "तुझ्या मनात आलंय म्हंजे आता माझ्या चपला झिजणार."

झिजल्याच. दवाखान्याची इमारत ज्यांच्या ताब्यात, त्या सरकारी ऑफिसात कारकून होता, तसा वाईट नव्हे, पण त्याच्याशी बोलणं म्हणजे ओल्या कपड्यात चालणं. तो म्हणाला, "मावशी, ती इमारत निर्लेखित झालीय."

"म्हंजे?"

"म्हणजे कागदावरून काढून टाकलीय. पाडायची आहे."

"मग पाडत का न्हाई?"

"पाडायची मंजुरी आलेली नाही."

"मग तवर आमाला द्या."

"मावशी, जी इमारत नाहीच, ती तुम्हाला देऊ कशी?"

मी त्याला हाताला धरून खिडकीशी नेलं असतं, पण मधे टेबल होतं. दवाखान्याच्या फुटक्या तावदानातून मी आत बघून आले होते. आत ह्यांच्याच मोडक्या खुर्च्या, ह्यांचीच बाइंडिंग निघालेली रजिस्टरं, एक पाय नसलेलं कपाट. विचारलं, "नसलेल्या इमारतीत तुमच्या खुर्च्या कशा ठेवल्यात?"

"त्या तात्पुरत्या ठेवल्यात."

"किती वर्सं झाली?"

त्यानं चहा मागवला. आमच्यासाठीपण मागवला, हे सांगितलं पाहिजे. पण चहानं प्रश्न भिजतो, विरघळत नाही.

असे हेलपाटे किती झाले ते मोजले नाहीत. एका साहेबानं वर पाठवलं, वरच्यानं खाली पाठवलं, आणि शेवटी कुणाला तरी आमची दया आली का कंटाळा आला कोण जाणे. तो म्हणाला, इमारत उभी राहण्यालायक आहे असा इंजिनियरचा अहवाल आणा, मग निर्लेखन मागं घेता येतं का बघू. लातूरहून इंजिनियर बाई येऊन बघून गेल्या. नेमकी त्या दिवशी मी बिलोलीला, माझ्या माहेरी, भावाच्या नातवाच्या बारशाला गेलेली. आपाला गुडघ्यामुळं येता आलं नाही. कारकूनच किल्ली घेऊन गेला. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या? तो म्हणाला, पावसाळ्यानंतर परत येते म्हणाल्या. बास. एवढंच. ह्या एवढंचवर मी एवढा विश्वास ठेवला ही माझी चूक, मान्य.

पावसाळा सरला. दसरा पंधरा दिवसांवर आला. कारकुनानं निरोप धाडला, मॅडम सोमवारी येणार, खोली जरा झाडून घ्या, किल्ली पाठवतोय.

आता आमच्याकडं पाहुणा येणार म्हटल्यावर नुसतं झाडून भागतं का? मुलगी बघायला येणार असले तर आम्ही भिंतीला पोतेरं देतो, मग मुलीला आंघोळ घालतो. मी आणि आपा शनिवारी सकाळी आत शिरलो. खुर्च्या ओसरीवर काढल्या. जळमटं काढली. एका कोपऱ्यात जनावरांच्या औषधाचा वास अजून होता, तो फिनेल टाकून मारला. आणि मग मी खुरपं घेऊन भिंती खरवडायला बसले. तीन जागी भिंतीला तडे होते, बोट जाईल न जाईल एवढे. आणि प्रत्येक तड्यावर आडवी एकेक काचेची पट्टी चिकटवलेली, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा लावून. खाली पेन्सिलीनं काहीतरी खरडलेलं.

मला वाटलं, जनावराचं रक्त तपासायच्या काचा. डॉक्टर लोक त्यावर थेंब घेतात ना, तसल्याच दिसत होत्या. रिकामा बसलेला कुणी कंपाउंडर असेल, त्यानं भिंतीला लावून ठेवल्या. खुरप्याचं टोक घालून तिन्ही उचकटल्या, धुतल्या आणि घरी नेऊन माझ्या बटणांच्या डब्यात टाकल्या. काच कशालाही लागते. मग तडे सिमेंट कालवून बुजवले. रविवारी दोन हात चुना दिला, शेवटच्या हातात चिमूटभर नीळ. संध्याकाळी आपा दारात उभी राहून म्हणाली, "अक्का, हितं तर माझी नात पन ऱ्हाईल."

सोमवारी इंजिनियर बाई आल्या. माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची पोरगी, पाठीवर पिशवी, पायात बूट. उंबऱ्याशी आली आणि तिथंच थांबली.

"मावशी, हे काय केलंत?"

"चुना दिला. नीळ पण घातली थोडी."

ती आत गेली, भिंतीवरून हात फिरवला, बाहेर आली आणि पायरीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला शेजारी बसवून सांगितलं. इथली जमीन काळी, पावसात फुगते, उन्हात आकसते, भिंती हलवते. तडा जुना आहे का अजून चालतोय ते कळावं म्हणून त्यावर काच लावतात. भिंत हलली तर काच तुटते. नाही हलली तर काच तशीच राहते. पावसाळाभर त्या काचा तिथं राहायला हव्या होत्या.

मी कारकुनाकडं बघितलं. "तुमाला ठाऊक हुतं?"

"मॅडमनी सांगितलं होतं."

"मग आमाला?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

ह्या वाक्यानं ह्या देशात किती भिंती पडल्या असतील देव जाणे. पण खुरपं माझ्या हातात होतं, त्याच्या नाही, म्हणून मी जीभ आवरली. मग डबा आठवला. "थांबा," म्हणाले आणि घरी गेले. माझ्या चालीनं जाऊन येईस्तोवर अर्धा तास तरी गेला असेल, पण ती पोरगी बसून राहिली. मी डबा ओसरीवर पालथा केला. बटणं, हुक, मोडक्या चेनी, टिकल्यांचा पत्ता, आणि काचा. तिचा चेहरा पहिल्यांदाच जरा उजळला.

"मावशी, तुम्ही काही टाकत नाही का?"

"टाकायला काय हाय घरात."

दोन पट्ट्या अखंड होत्या. तिसरीचे दोन तुकडे. तिनं ते तळहातावर जोडून बघितले. काठ काठाला बरोबर बसला.

"ही उजव्या भिंतीवरची. खाली पेन्सिलीनं आकडा लिहिला होता, तो काचेवरपण कोरलाय, बघा. मावशी, ही भिंतीवर असतानाच तुटलेली होती, की काढताना तुटली?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कारकून लगेच म्हणाला, "काढतानाच तुटली असणार. खुरप्यानं काढल्यावर दुसरं काय होणार? लिहून टाका मॅडम." त्यालाही सुटका हवी होती. आपानं पदराचं टोक मुठीत घेतलं होतं.

मी आठवायला बसले. शनिवार, सकाळची वेळ, उजवी भिंत, मी पाटावर बसलेली. खुरपं घातलं, सिमेंटचा गोळा उडाला, तो माझ्या पायावर पडला. ते आठवतं. काच हातात आली तेव्हा एक होती का दोन, ते आठवेना. कारण मी बोलत होते. सुनेनं कुकरची शिट्टी हरवल्याची गोष्ट आपाला सांगत होते. तोंड चालू असलं की माझे डोळे सुट्टीवर जातात, ही माझी जन्माची खोड.

माझ्या हातून तुटली, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढंच पुरलं असतं. खोली मिळाली असती. आणि तेवढ्यात मला माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरची भिंत आठवली. तिला औसा तालुक्यात दिलं होतं. माळवदाचं घर, दगड-मातीचं. देवघराशेजारच्या भिंतीला तडा होता आणि तिची सासू दर सणाला तो मातीनं लिंपून घ्यायची, वरून गेरू. सासू हाताची स्वच्छ. कुणी विचारलं तर म्हणायची, काय न्हाई, वरवरचा हाय. भूकंप झाला तेव्हा बहीण अंगणात झोपली होती, ती राहिली. सासू त्या भिंतीपाशी झोपलेली.

आणि मीही दोन दिवसांपूर्वी तडा बुजवून वरून नीळ दिली होती.

मी म्हणाले, "मला ठाऊक न्हाई."

कारकुनानं कपाळाला हात लावला. पोरगीनं मान हलवली आणि वहीत लिहिलं. दोन भिंती ठीक. तिसरीवर नवी काच लावणार, आणि आता पुढचा पावसाळा जाईपर्यंत खोली कुणाला देता येणार नाही. पुढचा. मी बोटांवर महिने मोजले आणि सोडून दिले.

आपा उठून लिंबाखाली गेली. मी मागं गेले.

"आपा."

"अक्का, उभी जिंदगी तू मला बोलून बोलून पकवलीस. आज एकच गोष्ट बोलायची व्हती."

"खोटी व्हती."

"तुला काय मालूम खोटी व्हती का खरी? तूच म्हन्लीस, ठाऊक न्हाई."

मी म्हणाले, "तुझी नात बसली असती त्या भिंतीला टेकून." आपानं डोळे पुसले, पण माझ्याकडं तोंड केलं नाही. रडतानासुद्धा तिला माझा राग आलेला होता, आणि येऊ दे, यायलाच पाहिजे होता.

पोरगी बसची वेळ होईपर्यंत अंगणात फिरत होती. खोड्यापाशी थांबली. बुटाच्या टाचेनं ओट्यावर ठोकून बघितलं. परत ठोकलं. पाइप धरून हलवला, तो हलला नाही.

"हा ओटा कशाचा?"

"म्हशीचा," मी म्हणाले.

"चांगला पक्का केलाय कुणीतरी. तुमचं यंत्र किती हादरतं?"

आपा लिंबाखालनंच म्हणाली, "समोरच्या दुकानातली काच वाजतीय."

"मग भिंतीजवळ ते नकोच होतं. खोली मिळाली असती तरी मी तिथं लावू दिलं नसतं." मग ती कारकुनाकडं वळली. "निर्लेखनाच्या कागदात हा ओटा आहे का?"

कारकुनानं पिशवीतून कागद काढला, चष्मा लावून वर-खाली वाचला. इमारत होती, खोल्या होत्या, ओसरी होती, संडास होता. ओट्याचा आणि खोड्याचा उल्लेख नव्हता. काढून टाकताना तो राहूनच गेला होता.

"म्हणजे हा आहे," पोरगी म्हणाली.

"आहे," कारकून म्हणाला. हे कबूल करणं त्याला फार जड गेलं.

तिनं तिथंच, म्हशीच्या ओट्यावर बसून लिहिलं, मोकळा ओटा, तात्पुरत्या वापरासाठी देण्यास हरकत नाही. तात्पुरत्या ह्या शब्दाशी मी आणि कारकुनानं एकमेकांकडं बघितलं. त्याच्या खुर्च्यांवरून आम्हाला माहीत होतं तात्पुरतं म्हणजे किती.

सह्यांसाठी आणखी चार हेलपाटे झाले, मीटरसाठी आणखी दोन, ते सांगत नाही, सांगताना परत डोकं दुखतं. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्र टेंपोत घालून आणलं आणि ओट्याला बोल्ट मारून बसवलं. जुन्या खोलीचा पत्रा मालक टाकूनच देणार होता, तो खोड्याच्या खांबांवर चढवला. पाऊस ज्या बाजूनं येतो त्या बाजूला कार्यशाळेचा फलक बांधला. वारा सुटला की "फेकू नका, फिरवा" फडफडतं. भंगारवाला एकदा येऊन लांबून बघून गेला. त्याला चहा मी दिला, आपानं नाही.

कारकुनाच्या खुर्च्या परत आत गेल्या. चुना दिलेल्या खोलीत आता त्या छान दिसतात, आणि त्याचा मला रोज संताप येतो. दोन भिंती ठीक आहेत असं लिहून झालंय, तरी तिसरीसाठी तिन्ही कुलपात. असू दे. तिसरी काच पोरगीनं माझ्यासमोर लावली. मी बुजवलेला तडा आधी तिनं छिन्नीनं मोकळा केला आणि मला बघायला लावलं. किल्ली कारकुनाकडं राहिली नाही, माझ्याकडं आली, कारण रोज बघायला कुणीतरी पाहिजे आणि तो रोज येणार नाही हे तोही मान्य करतो.

म्हणून रोज सकाळी, टाक्याला बसायच्या आधी, मी आत जाऊन उजव्या भिंतीपाशी उभी राहते. काचेला हात लावत नाही. बाहेर आपा कापूस घालत असते, एखादा माणूस शेळी घेऊन उभा असतो, आणि आपा त्याला न बघता हातानं रस्त्यापलीकडं दाखवते. मी बाहेर आले की ती यंत्र जरा थांबवते.

"तुटली?"

"न्हाई."

"बोलत बघितलीस का गप बसून?"

"गप बसून."

"मग ठीक हाय," म्हणते आणि यंत्र परत चालू करते. पुढच्या पावसाळ्याला अजून किती अवकाश आहे, ते दोघी बोलत नाही.